पिवळ्या, कोळसा आणि आवाजबंद खोली

सोमवारी सकाळी नऊ वाजता सुतार येणार होता. दुकानाच्या बरोबर मधोमध, पुढच्या काउंटरपासून मागच्या मोरीपर्यंत, तो प्लायवूडची भिंत उभी करणार होता. वडिलांच्या वेळेपासून एकच असलेल्या फोटोफ्रेमच्या दुकानाची मग दोन भावांची दोन दुकानं होणार होती. शनिवारी त्याने माप घेतलं तेव्हा टेपचं एक टोक थोरल्याने धरलं होतं आणि दुसरं धाकट्याने. "इतकी वर्षं मापं घेतोय," सुतार नंतर ताईला म्हणाला, "पण एकच टेप दोघांनी धरायची आणि एकमेकांकडे बघायचं नाही, हे पहिल्यांदाच पाहिलं."

ताई ही या दोघांची मोठी बहीण. पन्नाशी ओलांडलेली, चष्मा कायम डोक्यावर चढवून तोच घरभर शोधणारी, आणि लहानपणापासून एका खोडीची: एखादी गोष्ट कळली नाही की तिच्यासमोर ठाण मांडून बसायचं. पोटापाण्यासाठी ती लोकांचे कान तपासायची. कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक आवाजबंद खोली होती. माणसाला त्यात बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, दार लावायचं आणि बाहेरून एकेक बारीक आवाज सोडायचा. ऐकू आलं की हात वर करायचा, एवढंच आतल्या माणसाचं काम. हात कधी वर गेला आणि कधी नाही, याचा आलेख काढता काढता ताईची पंचवीस वर्षं गेली होती.

भावांच्या भांडणाची तिला कधी काळजी वाटली नव्हती. ते दोघे दुकान उघडल्यापासून बंद करेपर्यंत भांडत. काच चकाकती की मळकट, फोटोभोवतीची पट्टी दोन बोटं की तीन, चहा सांगायची पाळी कोणाची, यातलं काहीही चालायचं. गिऱ्हाईक आपलं काम विसरून ऐकत उभं राहायचं. पण तीन आठवड्यांपूर्वी हे सगळं एकाएकी बंद पडलं. दुकानात करवतीचा आवाज आणि खिळे मारायच्या बंदुकीचा आवाज, बाकी शांतता. आणि शांततेनंतर भिंत.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोघांचं घर, म्हणजे ताईचं माहेर. दर रविवारी ती जायची, दोघांच्या मध्ये बसायची, दोघांचं ऐकून घ्यायची आणि कोणाचीच बाजू न घेता घरी यायची. आता भिंत खाली उभी राहिली की वरही राहणार. मग दोन दारं, दोन चहा, एकाकडे आधी गेलं की दुसऱ्याचं तोंड फुगणार. दोन माहेरं म्हणजे एकही माहेर नाही, असं तिला स्वच्छ दिसत होतं.

तिने दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं. थोरला म्हणाला, "त्यालाच हवी आहे भिंत. मी कोण नाही म्हणणार?" धाकटा म्हणाला, "मी त्याला एकदा सरळ विचारलं, ताई. त्याने द्यायचं ते उत्तर दिलं. मला कळलं." काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, हे मात्र तो सांगेना. ताईने नाना परीने खोदून पाहिलं, पण त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

वाटणी तशी सुरळीत झाली होती. करवत थोरल्याची, बंदूक धाकट्याची, काच कापायचं टेबल एक वर्ष याच्याकडे, एक वर्ष त्याच्याकडे. राहता राहिले दोन कॉकाटील.

पाच वर्षांपूर्वी हे दोन पक्षी दुकानात आले होते. एक पिवळा, डोक्यावर तुरा आणि गालावर रंगपेटीतून उचलल्यासारखा नारिंगी ठिपका, तो पिवळ्या. दुसरा काळपट राखाडी, पंखावर पांढरा पट्टा, तो कोळसा. दोघेही नर. दोघांचा एकच पिंजरा काउंटरच्या वर टांगलेला. ताई एकदा सबंध दुपार त्या पिंजऱ्यापुढे बसली होती, कारण या दोघांचं आपसात नेमकं काय चालतं हे तिला कळत नव्हतं. कोळसा मान खाली घालून पिवळ्यासमोर डोकं पुढे करायचा. पिवळ्या चोचीने त्याच्या तुऱ्यामागचं एकेक पीस विंचरून द्यायचा, अगदी निगुतीने. मग एखादं पीस जास्त ओढलं जायचं. कोळसा किंचाळायचा, चोच उगारायचा, दोघे दांडीच्या दोन टोकांना जाऊन बसायचे. ताई घड्याळ बघायची. मिनिटभरात कोळसा सरकत सरकत परत मध्ये, आणि मान परत खाली. एकाने दाणे खायला सुरुवात केली की दुसरा, भूक असो वा नसो, शेजारी येऊन खायचा. त्या दुपारी ताईने ठरवून टाकलं, ही जोडी आहे.

आता भाऊ म्हणत होते, एकेक वाटून घेऊ.

"जोडी तोडू नका रे," ताई म्हणाली.

"कसली जोडी?" थोरला म्हणाला. "दोघेही नर. आणि त्यांचं एकमेकांशी काही राहिलेलं नाही. पूर्वी नुसता कलकलाट असायचा. आता सहा महिने झाले, हूं नाही की चूं नाही. मुके झालेत."

धाकट्याने भावाकडे न बघता ताईला सांगितलं, "मुके? त्याला म्हणावं, जरा शुद्धीत राहा. दिवसभर एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात. माझे कान किटलेत."

ताई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. एकाच पिंजऱ्याखाली बसणारी दोन माणसं. एक म्हणतो पक्षी गप्प, एक म्हणतो पक्षी ओरडतात. दोघांपैकी एक तर सरळसरळ थाप मारत होता, आणि दोघांनाही थापा मारता येत नाहीत हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिला ते कोडं सुटेना, आणि वाटणीच्या नादात कोणी सोडवायच्या मनःस्थितीतही नव्हतं.

गुरुवारी पक्ष्यांची वाटणी झाली. पिवळ्या थोरल्याच्या खोलीत, कोळसा धाकट्याच्या, घराच्या दोन टोकांना आणि दारं बंद. रविवारी ताई गेली तेव्हा दोन्ही पक्षी अंग फुगवून, पिसांचा गोळा करून बसले होते. दाणे तसेच पडलेले. पण भाऊ काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. दोघांनीही, एकमेकांना पत्ता लागू न देता, आपापल्या अकलेने उपाय केला होता. थोरल्याने आरशाचा तुकडा कापून, त्याला सोनेरी नक्षीची चौकट करून तो पिंजऱ्यात टांगला होता, म्हणजे पिवळ्याला सोबत होईल. धाकट्याने पिवळ्याचा फोटो मोठा करून, काच लावून, पाठीमागे हूकसकट फ्रेम करून कोळशापुढे लावला होता. चौकटीचा कोपरा अन् कोपरा काटकोनात. पिवळ्या आरशातल्या पक्ष्याला नमस्कार घालायचा आणि मग आरशामागे जाऊन शोधून यायचा. कोळशाने फोटोवर घाण करून ठेवली होती.

ताईला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे भरून आले. "अरे, जगात कोणी पक्ष्याला फोटो फ्रेम करून देतं का?" ती म्हणाली. "तुम्ही दोघे नुसत्या डोळ्यांची माणसं. उचला पिंजरे. दवाखान्यात चला."

"आज बंद असेल," थोरला म्हणाला.

"म्हणूनच चला. किल्ली माझ्याकडे आहे. जोडी नाही असं ठरलं, तर मी परत तोंड उघडणार नाही. उद्या काय हवी ती भिंत घाला."

आपण काय सिद्ध करणार आणि त्याने भिंत कशी थांबणार, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. दोन पक्षी वाटता येत नाहीत हे दिसलं तर पुढचंही काही दिसेल, एवढीच वेडी आशा. पण खरं सांगायचं तर त्याहून जोरात तिची ती खोड उसळली होती. हे पक्षी एकमेकांना धरून असतात ते कशाने? दिसण्याने की ऐकण्याने? आणि ते शोधायला हवी तशी खोली तिच्याकडे होती.

आवाजबंद खोली म्हणजे कपाटापेक्षा जरा मोठी. भिंतींना जाड स्पंज, एक खुर्ची, आणि बाहेरच्या माणसाला आत दिसावं म्हणून दुहेरी काचेची खिडकी. ताईने कोळशाचा पिंजरा आत खुर्चीवर ठेवला, दार घट्ट लावलं आणि पिवळ्याचा पिंजरा बाहेर, खिडकीला लागून. आता दोघांना एकमेकांचं तोंड दिसत होतं, आवाज मात्र इकडचा तिकडे जात नव्हता.

दोघेही तुरे ताठ करून गजांवर चढले. पिवळ्याने शिट्टी घातली. काचेपलीकडे कोळशाची चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आवाज नाही. पिवळ्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळू लागला. समोर मित्र चोच हलवतोय आणि काहीच ऐकू येत नाही, याचा त्याला अर्थ लागत नव्हता. पाच मिनिटं झाली तरी एकानेही दाण्याला चोच लावली नाही. धाकट्याला बघवेना. "पुरे कर, ताई," तो म्हणाला.

"अजून निम्मंच झालंय."

तिने खिडकीचा पडदा खाली सोडला आणि दार चार बोटं उघडलं. आता दिसणं बंद, ऐकणं चालू. दोन्ही भावांच्या हातात तिने एकेक कागद आणि पेन्सिल दिली. "पिवळ्या बोलला की डावीकडे रेघ. आतून कोळसा बोलला की उजवीकडे. एकमेकांचं बघून लिहायचं नाही." दोघांना तिने भिंतीशी बसवलं, जिथून पिवळ्या दिसेल आणि कोळसा दिसणार नाही. ती स्वतः दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिली.

पिवळ्याने साद घातली. आतून लगेच उत्तर आलं, जरा रागावल्यासारखं. पुन्हा साद, पुन्हा उत्तर. सुरुवातीला दोघेही घाईघाईने बोलत होते. मग एका आवाजात आणि दुसऱ्यात अंतर पडायला लागलं, जणू घाईचं काही नाही, आहेस ना, आहे. फटीतून ताईला दिसलं, कोळशाचा तुरा खाली बसत होता. त्याने अंग झटकलं, पंखावरची धूळ उडाली आणि त्याने पिंजऱ्यातल्या बाजरीच्या कणसातला पहिला दाणा टिपला. तिने मागे वळून पाहिलं. पिवळ्याही खात होता. एकाला दुसरा दिसत नव्हता, तरी दोघे एका वेळेला जेवत होते. तीन दिवस उपाशी असलेल्या पक्ष्यांना आरसा नको होता, फोटो नको होता. त्यांना पलीकडून उत्तर हवं होतं.

"बघितलंत?" ती वळून म्हणाली.

"बघितलं," थोरला म्हणाला आणि त्याने कागद पुढे केला. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, उलट तो जरा खट्टू झाला होता. "पिवळ्या बिचारा एकटाच ओरडतोय. आतून एकदाही उत्तर नाही. सांगत होतो ना मी?"

धाकटा ताडकन म्हणाला, "त्याला म्हणावं, कानात बोळे घातलेस का?"

ताईने निरोप पोचवला नाही. तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. धाकट्याच्या कागदावर डावीकडे बावीस रेघा, उजवीकडे एकोणीस. थोरल्याच्या कागदावर डावीकडे बावीस. उजवी बाजू कोरी.

जो पक्षी दिसत होता त्याच्या चोचीवरून थोरल्याने रेघा मारल्या होत्या. जो दिसत नव्हता तो त्याच्या लेखी मुका होता. सहा महिने. आणि सहा महिन्यांत फोन केला की तो म्हणायचा, 'फोनवर नको, दुकानात ये, समोर बसून बोलू.' ताईला वाटायचं, किती माया. तिच्याकडे बायका नवऱ्यांना घेऊन यायच्या, तेव्हा 'यांना ऐकू येत नाही' असं फार थोड्या म्हणायच्या. बहुतेक जणी म्हणायच्या, 'हे हल्ली भांडतसुद्धा नाहीत हो.' त्यातल्या प्रत्येकीच्या नवऱ्याला तिने खुर्चीत बसवलं होतं. सख्ख्या भावाने मात्र तीस वर्षं करवतीशेजारी काढली आणि तिला एकदाही शंका आली नाही. तिला स्वतःची लाज वाटली.

मग ती थोरल्याच्या पाठीमागे गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चहा घेतोस?"

धाकट्याने वर पाहिलं. थोरला, ज्याने उभ्या जन्मात चहाला नाही म्हटलं नव्हतं, आपल्या कागदाकडे बघत बसून राहिला.

ताईने कोळशाचा पिंजरा बाहेर आणला, पुढे जाऊन थोरल्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "जरा आत जाऊन बस."

"मी कशाला? पक्ष्यांचं चाललंय ना?"

"बस म्हटलं ना. ऐकू आलं की हात वर कर."

मोठ्या बहिणीपुढे त्याचं कधी चाललं नव्हतं. तो आत बसला, हेडफोन चढवून, शाळेतल्या पोरासारखा ताठ. ताईने पडदा वर केला, यंत्रासमोर बसली आणि धाकट्याला शेजारच्या स्टुलावर ओढलं. यंत्राला एक छोटा स्पीकर होता. आत जाणारा आवाज आणि आतल्याचं बोलणं, दोन्ही त्यातून बाहेर ऐकू येत.

पहिला आवाज जाडा, घुमणारा. थोरल्याचा हात लगेच वर. दुसरा जरा चढा, हात वर, पण थोडा उशिरा. मग ताईने पक्ष्यांच्या शिट्टीच्या उंचीचा आवाज लावला. स्पीकरमधून तो स्वच्छ येत होता. आत थोरला डोळे मिटून बसला होता. हात गुडघ्याच्या जरासा वर, तयार. ताईने आवाज वाढवला. हात तसाच तयार. आणखी वाढवला. पिंजऱ्यातून पिवळ्याने स्पीकरला उत्तर दिलं. थोरला मन लावून वाट बघत होता.

"आवाज चालू आहे ना, ताई?" धाकट्याने हळूच विचारलं.

"चालू आहे."

धाकटा काचेपलीकडच्या त्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी म्हणायचो, काच पुसलीस का, तो गप्प. जेवायला जातोस का, तो गप्प. कितीतरी महिने असंच. शेवटी एक दिवस करवत थांबवून तो फळी पुसत होता. मी मागे उभा होतो. समोरून विचारायचा धीर होईना. म्हटलं, 'दादा, मी नकोसा झालोय का तुला?'" त्याने बोटाने काच दाखवली. "त्याने मानसुद्धा वळवली नाही. फळी पुसत राहिला."

"हेच ते उत्तर?"

त्याने मान हलवली.

ताईने यंत्रावरचं एक बटण दाखवलं. "हे दाबून बोललं की बाहेरच्याचं बोलणं आतल्याच्या कानात जातं. मी आवाज वाढवून देते. विचार परत."

"आता?"

"उद्या नऊला सुतार येतोय."

धाकट्याने बटण दाबलं. दोनदा खाकरला. मग त्या छोट्या माइकला तोंड लावून, काचेपलीकडच्या भावाकडे बघत त्याने विचारलं, "दादा, मी नकोसा झालोय का तुला?"

थोरल्याचा हात वर गेला. सांगितलं होतं तसा. ऐकू आलं होतं. मग त्याने डोळे उघडले, काचेतून धाकट्याकडे पाहिलं, आणि वर गेलेला हात खाली घ्यायचा विसरूनच तो ओरडला. हेडफोन घातलेली माणसं ओरडतात तसा, स्पीकर फुटेल इतक्या मोठ्याने.

"गाढवा! हे विचारायला मला या खोक्यात कोंडलंस? नकोसा असतास तर वीस वर्षं तुझ्यावर घसा कोरडा केला असता का मी?"

थोरल्याचा आवाज मग एकदम खाली आला.

"मला वाटलं, तूच बोलायचं टाकलंस. आधी पक्षी गप्प झाले, मग तू. म्हटलं, माझ्यातच काहीतरी खोट असणार."

धाकटा स्टूल पाडून उठला आणि त्याने आवाजबंद खोलीचं दार सताड उघडलं. आत एकाच माणसापुरती जागा होती, तरी तो शिरला. काचेतून ताईला त्यांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि कोळशाला पिवळ्याच्या पिंजऱ्यात सोडलं.

कोळशाने मान खाली घातली. पिवळ्याने तुऱ्यामागचं एक पीस विंचरलं, दुसरं विंचरलं, तिसरं ओढलं. कोळसा जिवाच्या आकांताने किंचाळला.

थोरला बाहेर आला, पिंजऱ्याजवळ वाकला आणि त्याने डावा कान गजांना लावला. "ओरडतोय?"

धाकटा आठवणीने त्याच्या समोर गेला आणि मग म्हणाला, "ओरडतोय, दादा."

"मोठ्याने?"

"तुझ्यासारखा."

थोरल्याला ते पटलं नाही. मग उद्या सुतार प्लायवूड घेऊन येईल त्याचं काय करायचं, हे निघालं. थोरला म्हणाला, या दोघांना मोठा पिंजरा. धाकटा म्हणाला, प्लायवूडचा पिंजरा कोण करतं, फळ्या मारून घेऊ. थोरला म्हणाला, तुला सुतारकामातला शेंडा कळतो ना बुडखा. धाकटा मुद्दाम अगदी समोर उभा राहून, एकेक शब्द मोठ्याने सुटा करून, त्याला त्याची गेल्या दहा वर्षांतली वाकडी कापलेली चौकट अन् चौकट ऐकवू लागला.

ताई दवाखान्याच्या मागच्या शेगडीवर तिघांचा चहा ठेवायला गेली. तिथपर्यंत तिला शब्द अन् शब्द ऐकू येत होता.